मातीचे विज्ञान कोणाच्या मालकीचे?

सूर्य आणि वारा कोणाच्या मालकीचे नसतात, हे वाक्य आपल्या सभांतून आणि शिबिरांतून वारंवार ऐकू येते. ते खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. सूर्यप्रकाशापासून वीज करणारे, ती रात्रीसाठी साठवून ठेवणारे आणि भट्टीला उष्णता पुरविणारे द्रव्य मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. ते द्रव्य कसे करावे याचे ज्ञानही कोणाच्या तरी मालकीचे असते. ऊर्जेच्या राजकारणातील खरी लढाई उद्या येथेच होणार आहे, आणि या लढाईच्या क्षेत्राशी आपल्या कार्यकर्त्यांचा परिचय फारच तोकडा आहे, असे आम्हांस वाटते.

वस्तुस्थिती काय आहे? २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त अन्य साधनांचा झाला. सरकारने त्याचा मोठा गाजावाजा केला. तथापि क्षमता वेगळी आणि प्रत्यक्षात निर्माण झालेली वीज वेगळी. २०२४ साली देशात तयार झालेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. सूर्य मावळतो, वारा पडतो, आणि त्या वेळी चंद्रपूरच्या कोळशावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे प्रश्न आता केवळ वीज निर्माण करण्याचा राहिलेला नसून ती साठविण्याचा, तिचे रूपांतर करण्याचा आणि पोलाद, सिमेंट, काच यांच्या भट्ट्यांना लागणारी प्रचंड उष्णता कोळशाशिवाय पुरविण्याचा आहे. या तिन्ही ठिकाणी वाट अडते ती द्रव्यापाशी, आणि त्यातही विशेषेकरून ज्याला आपण सिरॅमिक म्हणतो त्या भाजलेल्या द्रव्यापाशी.

सिरॅमिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपबशी, कौल किंवा विजेच्या खांबावरचा पांढरा इन्सुलेटर येतो. ती कल्पना चुकीची नाही. कुंभाराने माती मळली, घडवली आणि आव्यात भाजली, त्याच क्रियेचा हा विस्तार आहे. आजचा सिरॅमिक शास्त्रज्ञ गाळाच्या मातीऐवजी झिर्कोनियम, ॲल्युमिनियम, कोबाल्ट, लोह अशा धातूंची संयुगे अत्यंत बारीक भुकटीच्या रूपात घेतो, ती ठराविक प्रमाणात मिसळतो, दाबून तिची चकती करतो आणि भट्टीत हजार-पंधराशे अंश तापमानाला अशी भाजतो की भुकटी वितळू नये, पण तिचे कण एकमेकांस घट्ट बिलगावेत. भट्टी सावकाश तापवावी लागते व त्याहून सावकाश थंड करावी लागते. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर बहुतेक चकत्यांना तडे गेलेले असतात. या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे तडा का गेला हे शोधण्यात जातात. त्याचा व्यवसाय चिकाटीचा आहे, आणि चिकाटीला दीर्घ काळ पोसणारा कोणीतरी लागतो. तो पोसणारा कोण, या प्रश्नापासून राजकारण सुरू होते.

जॉन गुडइनफ यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी आरंभीच्या संगणकांच्या स्मृतीसाठी लागणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकवर महत्त्वाचे काम केले. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास त्यांना ऊर्जेच्या प्रश्नाकडे वळावेसे वाटले. परंतु ती प्रयोगशाळा हवाई दलाच्या पैशावर चालत होती, आणि ऊर्जेचे संशोधन त्या चौकटीत बसत नव्हते. अखेर १९७६ साली ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले. तेथे १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे संयुग बॅटरीच्या धन ध्रुवासाठी योग्य असल्याचे दाखवून दिले. हे संयुगही भट्टीत भाजून केलेले एक सिरॅमिकच होय. त्याच्या थरांमधून लिथियमचे कण आत-बाहेर ये-जा करू शकतात आणि थरांची रचना मात्र टिकून राहते. १९९१ साली सोनी कंपनीने त्यावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. आज खिशातील दूरध्वनीपासून रस्त्यावरील मोटारीपर्यंत पसरलेल्या बॅटरीच्या कुळाचे मूळ तेथे आहे.

विद्यापीठाने या शोधाचे पेटंट घेण्यात रस दाखविला नाही. पेटंटचे हक्क हारवेलच्या सरकारी अणुसंशोधन केंद्राकडे गेले आणि गुडइनफ यांना त्या प्रचंड व्यापारातून स्वामित्वधन मिळाले नाही. २०१९ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. येथे आम्हांस एका व्यक्तीवरील अन्यायाचे गाऱ्हाणे मांडायचे नाही. खुद्द गुडइनफ यांनाही पैशाचे फारसे दुःख नव्हते. मुद्दा असा की, लष्कराच्या पैशाने शास्त्रज्ञाला नको त्या कामाला जुंपले, सार्वजनिक विद्यापीठाने त्याला हवे ते काम करू दिले, आणि त्या कामाचे फळ शेवटी खाजगी भांडवलाच्या पदरात पडले. धोका जनतेच्या पैशाने पत्करायचा आणि नफा कंपनीने घ्यायचा, हा क्रम सर्वत्र दिसतो.

त्या संयुगातील कोबाल्टची कथा तर अधिकच बोलकी आहे. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा निम्म्याहून बराच मोठा भाग आफ्रिकेतील काँगो या एकाच देशातून येतो. तेथे अजस्र यांत्रिक खाणींच्या शेजारी हजारो माणसे हातांनी बोगदे खणतात, आणि त्यांत लहान मुलेही असल्याचे आंतरराष्ट्रीय संघटनांनी वारंवार उघडकीस आणले आहे. स्वच्छ ऊर्जेची वस्तू श्रीमंत देशातील ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत तिच्यावरील मातीचा डाग पुसला गेलेला असतो. परंतु याच ठिकाणी विज्ञानाचे सामर्थ्यही दिसते. १९९७ साली टेक्सासमध्ये गुडइनफ यांनी अक्षय पाधी व नंजुंडस्वामी या भारतीय सहकाऱ्यांसह लोह, फॉस्फरस व लिथियम यांच्या संयुगाचा शोध प्रसिद्ध केला. त्यात कोबाल्ट लागत नाही. लोखंड तर पृथ्वीवर विपुल आहे. हे संयुग स्वस्त आणि अधिक सुरक्षितही ठरले. काँगोतील मुलाची सुटका केवळ एखाद्या संयुगाने होणार नाही, त्याला तेथील श्रमिकांचे संघटनच लागेल. तरीही कोणते द्रव्य निवडले जाते याचा श्रमिकाच्या जीवनाशी किती निकटचा संबंध आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

दुसरे उदाहरण इंधनघटाचे घेऊ. झिर्कोनियमच्या ऑक्साइडमध्ये थोडे इट्रियम मिसळले की त्याच्या स्फटिकात प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात. सातशे ते हजार अंश तापमानाला प्राणवायूचे विद्युत्भारित कण या रिकाम्या जागांतून उड्या मारीत पलीकडे जातात. एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस हायड्रोजन अथवा इंधनवायू आणि मध्ये या सिरॅमिकचा पातळ पडदा, अशी रचना केली की ज्योतीवाचून वीज मिळते. इंधनातील ऊर्जेचा अर्ध्याहून अधिक भाग विजेत उतरू शकतो. आपल्या कोळशाच्या केंद्रांत जेमतेम एक तृतीयांश उतरतो. हीच क्रिया उलट चालविली की विजेपासून हायड्रोजन मिळतो. झिर्कोनियाच्या या गुणाचा उपयोग वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठी केला होता. म्हणजे तत्त्व जुने आहे. अडचण आहे ती द्रव्याची. शेजारशेजारचे थर तापल्यावर कमीअधिक प्रसरण पावतात आणि पडदा फुटतो, सांधे गळतात, धातूच्या भागातील क्रोमियम उडून ध्रुवावर बसते आणि घट निकामी होतो. हे दोष एकेक करून दूर करणे हाच या शास्त्रज्ञाचा नित्याचा उद्योग.

मानवी बुद्धीने या बाबतीत जे साधले ते थक्क करणारे आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मंगळावर उतरलेल्या यानातील अशाच एका सिरॅमिक उपकरणाने तेथील कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू तयार केला. २०२३ पर्यंत सोळा वेळा ते चालविले गेले आणि एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला. दुसरीकडे पृथ्वीवर याच विद्येचे काय होत आहे ते पाहा. अमेरिकेत हे इंधनघट मोठ्या प्रमाणावर विकले जात आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक हायड्रोजनवर नव्हे तर खनिज वायूवर चालतात. त्यांचे आजचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे धनाढ्य कंपन्यांची विदा-केंद्रे. तापविलेल्या विटांत उष्णता साठविण्याची युक्ती पोलादाच्या कारखान्यांत १८५७ सालापासून ठाऊक आहे. आता सौर विजेने विटा तापवून कारखान्याला रात्री वाफ देता येते. २०२५ साली कॅलिफोर्नियात शंभर मेगावॅट-तास उष्णता साठविणारी अशी रचना सुरू झाली. तिची वाफ कोठे जाते? जमिनीतील उरलेसुरले खनिज तेल बाहेर काढण्यासाठी! विज्ञान निर्दोष असले तरी त्याचा धनी कोण यावर त्याची दिशा ठरते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

आता आपल्या घराकडे वळू. कलकत्त्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० साली राष्ट्राला अर्पण झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या मालिकेतील ती एक. दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यांना लागणारी प्रकाशीय काच त्या काळी मोजकेच देश करीत, आणि तिची कृती ते गुप्त ठेवीत. डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने ती काच स्वतःच्या पद्धतीने तयार करून दाखविली. परदेशी भांडवलदार देईनात तर आम्ही करू, या जिद्दीचे ते फळ होते. आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या प्रेरणेने कुंभारांना चिनी मातीच्या कामाचे शास्त्रीय शिक्षण देण्याचा प्रयोग केला. एक राष्ट्रीय प्रयोगशाळा, दुसरी खेड्यातील कार्यशाळा. परंतु ज्ञान हे लोकांचे आहे ही श्रद्धा दोहोंत समान होती.

आज त्या श्रद्धेचे काय उरले आहे, हे अंदाजपत्रकातील आकडेच सांगतात. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियान १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर केले. त्यातील १७,४९० कोटी रुपये उत्पादक कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून द्यायचे आणि संशोधनासाठी फक्त ४०० कोटी. म्हणजे शंभरातील जेमतेम दोन रुपये! ज्या घटावर हे सारे अभियान उभे राहायचे तो घट आपला असावा, याची चिंता शंभरात दोन रुपयांची. २०२३ सालीच अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करण्याची घोषणा झाली, आणि त्यातील सुमारे छत्तीस हजार कोटी उद्योगपती व दानशूर देतील असे गृहीत धरले गेले. २०२५ च्या जुलैमध्ये एक लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर झाली, तीही मुख्यतः खाजगी क्षेत्राला अल्प व्याजाचे वा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविण्यासाठी. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च मात्र २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता.

अशा स्थितीत तरुण शास्त्रज्ञाचे जिणे कसे असेल याची कल्पना करणे अवघड नाही. संशोधक विद्यार्थ्यांची कनिष्ठ शिष्यवृत्ती २०१९ साली ३१,००० आणि २०२३ साली ३७,००० रुपये झाली. २०१९ ची वाढ देशभरातील विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरून मिळवावी लागली. पदवी हाती आल्यानंतर प्रकल्पामागून प्रकल्प, कराराची मुदत दोन-तीन वर्षे. ज्या घटाची टिकाऊपणाची चाचणी हजारो तास चालवायची, तो घट जगतो आणि त्याचा निर्माता मधेच बेकार होतो. कंत्राटी कामगाराची व्यथा आता प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आली आहे. पांढरा कोट घातलेला हा माणूस आपल्याहून वेगळा आहे, असे मानण्याची चूक कामगार चळवळीने करू नये, आणि गिरणी कामगाराच्या नशिबाशी आपला काय संबंध, असे त्या शास्त्रज्ञानेही मानू नये.

कारण या विद्येच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस उभा आहे, त्याची अवस्था याहून भयंकर आहे. चिनी मातीच्या प्रत्येक वस्तूत गारगोटीची पूड असते. ती दळताना, चाळताना, मिसळताना डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते आणि फुप्फुसात खोल रुतून बसते. त्यातून सिलिकोसिस जडतो. फुप्फुस हळूहळू कठीण होत जाते, क्षयाला आमंत्रण मिळते आणि माणूस चालता चालता धापा टाकू लागतो. या रोगावर औषध नाही. तो टाळता मात्र येतो. पाण्याचा फवारा, बंदिस्त यंत्र आणि धूळ ओढून घेणारा पंखा एवढ्या साध्या उपायांनी तो टाळता येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच सिलिकोसिस हा अधिसूचित रोग ठरविला होता. तरीही गुजरातेतील मोरबी आणि थानगढ येथील सिरॅमिक कारखान्यांतून सिलिकोसिसचे रोगी निघतच राहिले. कित्येकांच्या हाती नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीपटावर नाव नसते, आणि म्हणून मरणानंतर नुकसानभरपाईही नसते. मंगळावर १२२ ग्रॅम प्राणवायू निर्माण करू शकणाऱ्या विद्येला आपल्या भट्टीवरच्या मजुराचा श्वास वाचविता येत नाही, असे कोण म्हणेल? तिला तसे करण्यास कोणी सांगितलेलेच नाही.

मोरबीचाच आणखी एक धडा आहे. तेथील कारखान्यांत कोळशापासून वायू करणारी जी संयंत्रे होती, ती प्रदूषणामुळे बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिला. आदेश योग्यच होता. कारखाने खनिज वायूवर गेले. पुढे वायूचे भाव कडाडले, मालाची मागणी मंदावली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी महिनाभर कारखाने बंद ठेवले. त्या महिन्याची मजुरी कोणी बुडविली आणि कोणाची बुडाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. स्वच्छ इंधनाकडे जाण्याचा खर्च सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकायचा असेल, तर मजूर स्वच्छ इंधनाचा शत्रू बनेल आणि कोळशाच्या मालकांना हवा असलेला मित्र आयताच मिळेल. हे घडू न देणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

आमच्या या म्हणण्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की, सरकारी प्रयोगशाळा आळशी झाल्या आहेत, खाजगी भांडवलच वेगाने काम करते. प्रयोगशाळांत नोकरशाही माजली आहे हे आम्ही नाकारीत नाही. कित्येक उत्तम शोध कपाटात पडून राहतात हेही खरे. परंतु वीस-वीस वर्षे तडे मोजण्याचे धैर्य नफ्याच्या वार्षिक हिशेबात बसत नाही. चीनने बॅटरीच्या धंद्यात जे स्थान मिळविले ते बाजारावर सारे सोपवून मिळविलेले नाही. त्यामागे राज्याची दीर्घ योजना होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने इट्रियमसह सात दुर्मीळ मृदा-धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा योजना नसलेल्या देशांची तारांबळ उडाली. चीनमधील श्रमिकाला संघटनेचे स्वातंत्र्य नाही, म्हणून ते प्रतिमान आम्हांस मान्य नाही. परंतु योजनेवाचून स्वावलंबन नाही, हे त्यावरून शिकण्यास हरकत नसावी.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल. एवढ्या किचकट विज्ञानाच्या मागे लागण्यापेक्षा साधी चूल, साधे जीवन पुरे, असे काही मित्र म्हणतील. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु साधी चूल ही देखील सिरॅमिक विज्ञानाचाच विषय आहे. १९८० च्या दशकात केनियात पत्र्याच्या शेगडीला आतून भाजक्या मातीचे अस्तर दिले गेले. उष्णता बाहेर वाया जाणे कमी झाले आणि कोळशाची मोठी बचत झाली. ते अस्तर तडकू नये म्हणून मातीत काय मिसळावे आणि ती किती भाजावी, हे तेथील कारागीर व तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून ठरविले. आपल्याकडे १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. लक्षावधी चुली कागदावर बसविल्या गेल्या, परंतु ज्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो तिला विचारण्याचे पुष्कळ ठिकाणी राहून गेले. तेव्हा प्रश्न लहान यंत्र की मोठे यंत्र एवढाच नाही. ज्याला ते वापरायचे आहे आणि ज्याला ते घडवायचे आहे, त्यांचा त्या यंत्रावर अधिकार किती, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ऊर्जेच्या प्रत्येक राष्ट्रीय अभियानात सार्वजनिक संशोधनाचा वाटा किमान एक दशांश असला पाहिजे, आणि त्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना व तंत्रज्ञांना कायम नोकरीची हमी हवी. सार्वजनिक पैशातून लागलेल्या शोधाचा परवाना कंपनीला देताना किंमत, रोजगार व कामगारांची सुरक्षितता यांच्या अटी त्यात लिहिल्या पाहिजेत. अटी मोडल्यास परवाना रद्द झाला पाहिजे. प्रत्येक सिरॅमिक संशोधन संस्थेने आपल्या कामाचा एक निश्चित भाग लहान भट्ट्यांचे इंधन वाचविण्यासाठी आणि धुळीच्या प्रतिबंधासाठी राखून ठेवावा. राजस्थान सरकारने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण स्वीकारून रुग्णास तीन लाख व त्याच्या मृत्यूनंतर वारसांस दोन लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, ते खाणकामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे चालविलेल्या झगड्यामुळे. ते अन्य राज्यांत का होऊ नये? महाराष्ट्रातील दगडखाणी, फौंड्र्या आणि काचकारखाने यांतील कामगारांना या रोगाने वगळलेले नाही.

या मागण्या निवेदनात लिहून मंत्र्यांच्या हाती देण्याने पुऱ्या होणार नाहीत. आपल्या भागात कोणती भट्टी आहे, ती कशावर चालते, तिच्यावर किती माणसे आहेत, त्यांपैकी कितीजणांची छाती तपासली गेली आहे, याची नोंद पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने या वर्षात करावी. जवळच्या विद्यापीठातील एखाद्या अध्यापकाला शाखेच्या अभ्यासवर्गास बोलवावे आणि त्याला कामगारांसमोर उभे करावे. त्याला जे ठाऊक आहे ते मजुराला समजले पाहिजे, आणि मजुराला जे सोसावे लागते ते त्याला समजले पाहिजे. मातीला आकार देणारा हात आणि तिचे गुणधर्म जाणणारी बुद्धी यांची फारकत करूनच भांडवलशाहीने दोघांनाही आपल्या दावणीला बांधले आहे. ती फारकत मोडण्याचे काम शाखेच्या पुढच्याच बैठकीपासून सुरू व्हावे.